तेल बदलायचे केव्हा?

मोटारसायकल विकत घेतली म्हणजे तिच्याबरोबर एक छोटी पुस्तिका मिळते. ती बहुधा कोणी वाचीत नाही. तिच्या शेवटच्या पानांत एक कोष्टक असते आणि इंजिनातील तेल किती किलोमीटरांनी बदलावे याचा आकडा त्यात छापलेला असतो. हाच प्रश्न गल्लीतल्या मिस्त्रीला विचारला तर तो त्याच्या निम्मा आकडा सांगतो. शेजारचे काका तर तिसराच सांगतात, आणि वर 'तेल काळे झाले की बदलावे, पुस्तक काय सांगते ते सोडून द्या' असा सल्लाही देतात. तिघेही मनापासून बोलतात. पण तिघांचेही खरे असणे शक्य नाही.

श्रोतेहो, प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. पणजी-मडगांवकडे प्रवाशाला मागे बसवून नेणारे मोटारसायकल पायलट, इंदूर-हैदराबादेत घरोघरी जेवणाचे डबे पोहोचविणारी मुले, बेळगांवच्या आसपास पहाटे किटल्या बांधून निघणारे दूधवाले, या सर्वांची रोजची भाकरी त्या लिटरभर तेलावर चालते. तेल वेळेवर बदलले नाही तर इंजिन जाम होते आणि महिन्याची कमाई एका दिवसात जाते. उलट गरजेपेक्षा दुप्पट वेळा बदलले तर वर्षाकाठी तेवढाच पैसा हळूहळू गळून जातो आणि काढलेले काळे तेल कोणाच्या तरी विहिरीशेजारी ओतले जाते. तेव्हा हा आकडा मुळात आला कोठून, हे एकदा पाहिले पाहिजे. त्याचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि मोठा मनोरंजक आहे.

प्रथम एक गोष्ट सांगतो, ती ऐकून काहींना नवल वाटेल. मोटारसायकलीच्या बाल्यावस्थेत तेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेल इंजिनात राहतच नसे. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून पहिली दुचाकी चालविली. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या असंख्य गाड्या निघाल्या, त्यांपैकी बहुतेकींची पद्धत एकच होती. पेट्रोलच्या टाकीशेजारी तेलाची एक लहान टाकी असे आणि तिला पिचकारीसारखा हातपंप जोडलेला असे. स्वाराने दर काही मैलांनी तो पंप एकदा दाबायचा, म्हणजे मापभर तेल इंजिनात जाई, दांड्याच्या फिरण्याने चोहोकडे उडे आणि आपले काम करून काही धुराड्यातून जळून जाई, काही सांध्यांतून रस्त्यावर ठिबके. आपल्याकडे बैलगाडीच्या साटीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे आणि गाडीवान चाक कुरकुरू लागले की आसाला वंगण देई, तोच हा प्रकार! फरक एवढाच की बैलगाडीचे चाक आधी तक्रार करते. इंजिन तक्रार करते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून त्या काळी स्वाराची परीक्षा चढणीवर होई. चढण लांब असेल तर तेल जास्त द्यावे लागे. फार दिले तर ठिणगीचा प्लग काजळून गाडी बंद पडे. कमी दिले तर पिस्टन सिलिंडरला चिकटे. मागे वळून धुराचा रंग पाहायचा आणि तेलाचा अंदाज घ्यायचा. निळसर धुराची एक बारीक रेघ दिसली म्हणजे स्वार निश्चिंत. पुढे तेलाचे थेंब मोजता यावेत म्हणून काचेची खिडकी असलेली ठिबक-यंत्रे आली, मग इंजिनाच्याच शक्तीवर चालणारे पंप आले. इंग्लंडात १९२० च्या दशकात 'पिलग्रिम' नावाचा असा पंप पुष्कळ गाड्यांवर दिसे. पण तत्त्व तेच राहिले. तेल एकदा गेले ते गेले.

हे तेल कोणते होते? अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक याच्या विहिरीला खनिज तेल लागले आणि त्यातून निघणाऱ्या जड भागाचे वंगण हळूहळू सर्व यंत्रांत शिरले. तरी वेगवान इंजिनांच्या बाबतीत त्याची एका जुन्या, आपल्या अगदी ओळखीच्या वस्तूशी स्पर्धा होती. ती वस्तू म्हणजे एरंडेल. ज्या एरंडेलाने आपल्या पिढीच्या लहानपणीच्या कित्येक सकाळी कडू केल्या, तेच तेल शर्यतीच्या मोटारसायकलींत आणि पहिल्या महायुद्धातील विमानांत ओतले जात असे! त्या विमानांचे इंजिन दांड्याभोवती सबंधच्या सबंध फिरे. पेट्रोलचा वाफारा इंजिनाच्या पोटातूनच जाई. खनिज तेल पेट्रोलात विरघळून धुतले जाते. एरंडेल सहजासहजी विरघळत नाही, आणि तापल्यावरही धातूला घट्ट धरून राहते. जळलेल्या एरंडेलाचे फवारे वैमानिकाच्या तोंडावर येत आणि त्याचे पोटावर व्हायचे ते परिणाम होत, असे त्या काळच्या आठवणींत सांगितलेले आढळते. चार्ल्स वेकफील्ड याच्या लंडनमधील कंपनीने १९०९ साली खनिज तेलात एरंडेल मिसळून जे वंगण बाजारात आणले, त्याचे 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. आज जगातील बहुतांश एरंडी भारतात पिकते आणि भारतातील बहुतांश गुजरातेत. बडोद्याच्या श्रोत्यांना हे सांगायला नकोच. पण एरंडेलाला एक खोड होती. ते तापून तापून राळेसारखे चिकट होई आणि इंजिन वारंवार उघडून खरवडावे लागे. शर्यतीच्या गाडीला हे चालते, कारण ती शर्यतीनंतर उघडायचीच असते. रोज कचेरीत जाणाऱ्या माणसाला ते परवडत नाही.

वंगण नेमके काय करते, हे मात्र एवढी वर्षे तेल घालूनही कोणाला ठाऊक नव्हते. तेल 'निसरडे' असते म्हणून घर्षण कमी होते, एवढीच समजूत. लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बोशँप टॉवर नावाच्या अभियंत्याकडे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करण्याचे काम सोपविले. त्याचा पहिला अहवाल १८८३ सालचा. टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक पाडले. पण आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसविला आणि काटा दर चौरस इंचास दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार तर त्याच्या निम्मा होता. म्हणजे फिरणारा आस स्वतःच आपल्याखाली तेल ओढून घेतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो! मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली या घटनेचे गणित मांडले. इंजिनात धातूवर धातू घासत नाही, निदान घासू नये. दोहोंमध्ये केसापेक्षाही बारीक असा तेलाचा पडदा असतो. मला तर वंगणाच्या साऱ्या इतिहासात एका लाकडी खुंटीने जेवढे शिकविले तेवढे दुसऱ्या कशानेच शिकविले नाही असे वाटते. तेल बदलण्याचा प्रश्न म्हणजे शेवटी हा पडदा टिकतो किंवा नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता मूळ धाग्याकडे येऊ. वाया जाणारे तेल महाग पडते. शिवाय रस्ते व कपडे दोन्ही खराब होतात. म्हणून तेच तेल पुन्हा पुन्हा फिरविण्याची युक्ती निघाली. एक पंप टाकीतून तेल इंजिनात नेतो आणि दुसरा पंप खाली साठलेले तेल उचलून टाकीत परत आणतो. इंग्लंडच्या रॉयल एन्फील्ड कंपनीने अशी रचना पहिल्या महायुद्धापूर्वीच आपल्या गाडीत आणली होती. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने ती १९३६ सालच्या नव्या इंजिनात स्वीकारली. मधल्या दोन दशकांत बहुतेक सर्व कारखाने त्याच वाटेने गेले. परंतु तेल परत येऊ लागले तसे ते एकटे येईना. येताना त्याने जळलेल्या पेट्रोलची काजळी, धातूचा कीस, हवेतील धूळ, पाण्याची वाफ आणि ज्वलनातून होणारी आम्ले, एवढा सारा लवाजमा बरोबर आणला. पूर्वी हा मळ तेलाबरोबर बाहेर जाई. आता तो आत राहू लागला. तेल 'बदलण्याची' गरज ही अशी काटकसरीच्या पोटी जन्माला आली.

पहिले आकडे मोटारगाड्यांच्या पुस्तिकांत दिसतात. फोर्डच्या प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीच्या मालकाला सांगितलेले असे की, नव्या गाडीचे पहिले तेल चारपाचशे मैलांनंतर काढून टाकावे आणि पुढे सुमारे दर साडेसातशे मैलांनी तसेच करावे. साडेसातशे मैल म्हणजे बाराशे किलोमीटर. त्या गाडीला तेलाची गाळणी नव्हती, तिच्या गिअरपेटीतही तेच तेल खेळत असे आणि रस्ते मातीचे होते. त्या परिस्थितीत हा आकडा चुकीचा होता असे म्हणवत नाही. परंतु आपल्या मिस्त्रीच्या मनातील घाई ही अशाच जुन्या गाड्यांची वारसदार आहे. अनुभव खरा असतो, मात्र ज्या गाड्यांचा तो अनुभव असतो त्या गाड्या जगाआड झालेल्या असतात.

मळ आतच राहणार असेल तर तो गाळून घ्यावा, हा विचार ओघाने आला. अमेरिकेतील अर्नेस्ट स्वीटलँड याने १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी तेलाची गाळणी काढली. 'प्युरोलेटर' या नावाने ती विकली जाऊ लागली आणि १९२४ साली क्रायस्लरच्या नव्या गाडीवर कारखान्यातूनच बसवून आली. मोटारसायकलीला जागा कमी. तेथे बहुधा तारेची जाळी किंवा नमद्याची नळी असे. आपल्याकडील बुलेटचे उदाहरण घ्या. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एन्फील्ड इंडिया १९५५ साली स्थापन झाली आणि रॉयल एन्फील्डची ही गाडी भारतात बनू लागली. तिच्या इंजिनाच्या ओतीव पेटीतच तेलाचा कप्पा होता, उजव्या बाजूच्या झाकणात नमद्याची गाळणी होती, आणि गिअरपेटी वेगळी, तिचे वंगण वेगळे. त्या पिढीच्या इंग्रजी गाड्यांना तेल बदलण्याचा आकडा साधारण दीड-दोन हजार मैलांचा असे. त्या वेळी गाळणीही काढून पेट्रोलात धुवायची. कागदी गाळणी पुढे आली. ती धुता येत नाही, फेकूनच द्यावी लागते. 'तेल बदलले, गाळणी राहू दे, पुढच्या वेळी पाहू' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. इतके करूनही मळ त्या जुन्या गाळणीत भरलेलाच राहतो. गाळणी पुरती तुंबली की इंजिनाला तेल मिळणे बंद पडू नये म्हणून बहुतेक इंजिनांत एक झडप ठेवलेली असते. ती उघडते आणि सारे तेल न गाळताच पुढे जाते. अशी गाळणी असून नसल्यासारखी.

तेल काळे पडण्याचा प्रश्न येथेच निकालात काढू. १९३० च्या दशकापर्यंतचे वंगण साधे होते. अमेरिकेत कॅटरपिलर ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या कड्या काजळीने चिकटू लागल्या, तेव्हा त्या तेलात साबणासारखे काम करणारी द्रव्ये मिसळण्यात आली. कॅलिफोर्नियातील स्टँडर्ड ऑईलने असे तेल १९३५ साली विक्रीस काढले. हे द्रव्य काजळीला धातूवर बसू देत नाही. तिचे कण सुटे ठेवून तेलातच तरंगत ठेवते. साहजिकच तेल लवकर काळे होते. म्हणजे काळेपणा ही तेल आपले काम करीत असल्याची खूण आहे, ते संपल्याची नव्हे. धुण्याच्या पाण्याचा रंग पाहून साबण वाईट ठरवावा, तसेच काकांचे होते. उलट महिनोन्‌महिने स्वच्छ दिसणारे साधे तेल आपला मळ इंजिनाच्या तळाशी चिखलासारखा साठवीत असण्याचा संभव असतो.

मग रंग नाही, तर पाहायचे काय? येथून तेलाच्या तपासणीचा इतिहास सुरू होतो. पहिली कसोटी दाटपणाची. इंग्लंडात बोव्हर्टन रेडवुड याने १८८० च्या दशकात एक साधे यंत्र केले. ठराविक तापमानाचे पन्नास मिलिलिटर तेल बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे यंत्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. अमेरिकेत सेबोल्टचे, जर्मनीत एंग्लरचे यंत्र त्याच जातीचे. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांसाठी पहिले निकष ठरविले आणि पुढे त्यांतून २०, ३०, ४० हे दाटपणाचे अंक आले; डब्यावर 'एसएई' या अक्षरांपुढे आज दिसतात ते हेच.

पण दाटपणा तेलाची गोष्ट सांगतो, इंजिनाची नव्हे. तेलाला इंजिनाविरुद्ध साक्ष द्यायला लावण्याचे काम एका रेल्वेने केले. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या डोंगराळ मुलखातून जाणाऱ्या रेल्वेने १९४६ साली आपल्या डिझेल इंजिनांतील वापरलेल्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत जाळून त्यांच्या प्रकाशाचा अभ्यास सुरू केला. शाळेत आपण तांब्याचे मीठ ज्योतीत धरून हिरवा रंग आणि साधे मीठ धरून पिवळा रंग पाहिलेला असतो. प्रत्येक धातूचा प्रकाश त्याच्या सहीसारखा असतो, हे जर्मनीत बुन्सेन व किर्शहॉफ यांनी दाखविले, आणि तेही, योगायोग असा की, ड्रेकच्या विहिरीला तेल लागले त्याच १८५९ सालच्या सुमारास. त्या दोन शोधांची भेट व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. रेल्वेच्या रसायनतज्ज्ञांना दिसले की तेलात एखादा धातू एकाएकी वाढू लागला म्हणजे इंजिनातील एखादा विशिष्ट भाग झिजत आहे असे समजावे. लोखंड वाढले तर सिलिंडर किंवा दातेरी चाके, अॅल्युमिनिअम वाढले तर पिस्टन, क्रोमिअम वाढले तर कड्या, तांबे, शिसे वा कथील वाढले तर बेअरिंगे. आणि सिलिकॉन वाढला तर बाहेरची धूळ आत शिरते आहे, म्हणजे हवेची गाळणी फाटली आहे! इंजिन न उघडता त्याच्या पोटातले कळू लागले. अमेरिकेच्या आरमाराने १९५० च्या दशकात ही पद्धत विमानांसाठी उचलली, मागाहून भूदल व हवाईदलानेही. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांतून अशाच प्रयोगशाळा चालत आल्या. हुबळी, काझीपेठ, रतलाम ही नावे आपल्या श्रोत्यांच्या परिचयाची आहेत. तेथील इंजिनांचे तेल ठराविक काळाने बाटलीत भरून तपासले जाते, ही गोष्ट मात्र स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते.

या तपासणीलाही मर्यादा आहे. ठिणगीत जळून प्रकाश देणारे कण फार सूक्ष्म असावे लागतात; मोठी कपची असेल तर यंत्र तिला पाहतच नाही. म्हणून १९७० च्या दशकात लोहचुंबकाने कण काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार पाहण्याची पद्धत निघाली. शिवाय तेलात पाणी किती, पेट्रोल किती, काजळी किती, आम्लाला मारणारी क्षारशक्ती किती उरली, हेही मोजतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका तपासणीवरून काहीच ठरत नाही. दहा लाख भागांत लोखंडाचे तीस भाग हा आकडा चांगला की वाईट? मागच्या वेळी अठ्ठावीस असतील तर चांगला, आठ असतील तर काळजीचा. तापाच्या रोग्याचा तक्ता खाटेला टांगतात तो याचसाठी.

मोटारसायकलवाल्याने हे करावे काय? रेल्वेच्या इंजिनात शेकडो लिटर तेल असते. आपल्या गाडीत एक, फार तर दीडदोन लिटर. तपासणीचा खर्च नव्या तेलापेक्षा अधिक होतो. ज्याची एकच गाडी आहे त्याने हा उद्योग हौस म्हणूनच करावा. ज्याच्याकडे पन्नास गाड्यांचा ताफा आहे त्याने दोनतीन गाड्यांवर जरूर करून पाहावा, कारण त्यावरून उरलेल्या सर्वांचा आकडा ठरविता येईल. एक गरिबांची तपासणी मात्र आहे. गरम तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून कागद आडवा, अधांतरी ठेवावा. काही तासांनी मध्यापासून कडेपर्यंत काळसर रंग फिका होत पसरला असेल तर तेलातील साबण अजून जिवंत आहे. मध्ये गडद ठिपका आणि भोवती एकदम स्वच्छ तेलाचे वर्तुळ दिसले तर तो संपला; काजळी गोळा होऊन बसू लागली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ही युक्ती डिझेल गाड्यांवर पुष्कळ वापरली गेली. आमच्या शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवायला इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही. तेल आणायला मात्र मुलांमध्ये भांडणे होतात.

मोटारसायकलीची खास अडचण वेगळीच आहे आणि ती जपानने आणली. १९५८ साली होंडाने 'सुपर कब' ही छोटी गाडी काढली. तिच्यात इंजिन, गिअर आणि क्लच एकाच पेटीत, एकाच तेलात. असे आधीही कोणी कोणी केले होते, पण होंडाच्या यशाने ती जगाची रीत झाली. बुलेटमध्येही २००८-०९ पासून आलेल्या नव्या इंजिनाने तीच रीत धरली. यात तेलाची परीक्षा तिप्पट झाली. थंडीत पातळ व उन्हात दाट राहण्यासाठी तेलात जे लांब साखळ्यांचे द्रव्य घालतात, ते गिअरचे दाते कात्रीसारखे कापून टाकतात आणि तेल हळूहळू पातळ होत जाते. मोटारीत हे एवढे होत नाही, कारण तेथे गिअरपेटी वेगळी असते. दुसरी गोष्ट क्लचची. मोटारींचे पेट्रोल वाचावे म्हणून १९९० च्या दशकात तेलात अतिशय निसरडी द्रव्ये येऊ लागली. तीच तेले मोटारसायकलीत घातली तर तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या घसरण्याची भीती. म्हणून जपानने १९९८ साली चारधावी मोटारसायकलींच्या तेलासाठी 'जासो' हे वेगळे प्रमाण ठरविले. डब्यावर 'एमए' ही अक्षरे असतात त्यांचा अर्थ एवढाच की, या तेलात क्लच धरील. किमतीपेक्षा ही दोन अक्षरे पाहणे अधिक शहाणपणाचे.

भारतात मात्र बराच काळ वेगळीच कथा चालू होती. राजदूत, जावा-येझदी, बजाजच्या स्कूटरी ही सारी दोनधावी यंत्रे. त्यांत तेल पेट्रोलातच मिसळून जाळायचे. म्हणजे हातपंपाच्या युगातील 'एकदा गेले ते गेले' ही पद्धत आपल्या रस्त्यांवर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नांदली. पंपावर मापाने तेल ओतणारा माणूस, एक माप जास्त घाला म्हणणारे गिऱ्हाईक आणि मागे निळा धूर! जास्त तेलाने इंजिन जास्त टिकते ही समजूत दृढ होती. तिची किंमत मागून चालणाऱ्यांच्या फुप्फुसांनी दिली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ च्या अखेरीपासून पंपांवर आधीच मिसळलेले पेट्रोल देण्याचे ठरले. इकडे १९८५ साली हिरो होंडाची चारधावी गाडी आली आणि पाहता पाहता घराघरांत शिरली. आयुष्यभर पेट्रोलात तेल मिसळणाऱ्या माणसाच्या हातात प्रथमच असे इंजिन आले की ज्यात तेल आत राहते आणि आठवणीने बदलावे लागते. धूर नाही, ठिबकणे नाही, आठवण करून देणारे काहीच नाही. त्या गाडीत एक जाळी आणि फिरत्या वाटीतून मळ बाजूला फेकणारी गाळणी होती. ती बदलायची नसते, पण काही हजार किलोमीटरांनी झाकण उघडून साफ करावी लागते. कित्येक गाड्यांचे ते झाकण जन्मात उघडलेले नसते.

बाराशे किलोमीटरपासून निघालेला तो आकडा आज काही गाड्यांच्या पुस्तिकांत दहा हजारांवर गेला आहे. हे कारखानदाराचे औदार्य नव्हे आणि फसवणूकही नव्हे. तेल अधिक शुद्ध झाले, इंधन मोजून जाते, पेट्रोलातील शिसे व गंधक गेले, गाळण्या सुधारल्या, रस्ते डांबरी झाले. परंतु आकड्याशेजारी बारीक अक्षरात आणखी दोन गोष्टी असतात, त्या वाचाव्यात. एक, 'किंवा इतके महिने, जे आधी होईल ते'. रोज दोन किलोमीटर चालणारी गाडी कधी पुरी तापत नाही; पाणी व पेट्रोल तेलात साचतात आणि किलोमीटर न वाढताच तेल नासते. दुसरी, धुळीच्या व सततच्या थांबत-जात वापरात हे अंतर कमी करावे. डबेवाला मुलगा सिग्नलवर थांबतो तेव्हा किलोमीटर थांबतात, इंजिन थांबत नाही. त्याने पुस्तिकेचा पुरा आकडा गाठू नये. तालुक्याहून तालुक्याला सरळ जाणाऱ्याने मिस्त्रीच्या आकड्याला भिऊ नये. आणि दोघांनीही दोन बदलांच्या मध्ये तेलाची पातळी पाहावी. लिटरभर तेलातले पावशेर जळून गेले तर उरलेल्यावर सारा भार पडतो; उशिरा बदललेल्या तेलापेक्षा कमी पडलेल्या तेलाने अधिक इंजिने जातात असे माझे मत आहे.

राहता राहिले काढून टाकलेले तेल. कोकणात व गोव्यात वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची चाल आहे. खेड्यांत दाराच्या बिजागऱ्यांना, कुंपणाच्या खांबांना ते लावतात. उरलेले गटारात जाते. त्यात इंजिनाने झिजवून दिलेले सारे धातू आणि जळक्या पेट्रोलची विषारी द्रव्ये असतात, हे आता त्याच तपासण्यांनी दाखविले आहे. गंमत अशी की तेल स्वतः झिजत नाही. झिजतात ती त्यात मिसळलेली द्रव्ये, आणि वाढतो तो मळ. पाणी, काजळी व धातू काढून, निर्वातात ऊर्ध्वपातन केले तर मूळ तेल पुन्हा मिळते आणि नवी द्रव्ये घालून पुन्हा इंजिनात जाऊ शकते. आपल्याकडे पूर्वी गंधकाम्ल आणि माती वापरून हे काम होई. त्यातून निघणारा आम्लाचा गाळ तेलापेक्षाही घातक ठरला. भारत सरकारच्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४ पासून वंगण तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर वापरलेल्या तेलाच्या ठराविक हिश्शाच्या पुनःशुद्धीकरणाची जबाबदारी आली आहे. कारखाने आणि बसआगारे यांच्याकडून पिंपांनी तेल गोळा करणे सोपे आहे. गल्लीतल्या मिस्त्रीकडे ते दिवसाला चार-पाच लिटर जमते, कापलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, उघड्यावर, आणि पावसाळ्यात तो डबा काठोकाठ भरून वाहतो.